डावीकडची सीट

“मग आता ठोसच घालायचं ना, वस्ताद?”

दस्तगीर मिस्त्रींनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

“वस्ताद, तुम्हाला विचारतोय.”

“चहा गरम हाय,” मिस्त्री म्हणाले.

दिग्विजय चौगुले गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं बाकड्यावर तीन माउंटिंगं ओळीनं मांडली. गाडीचा गिअरबॉक्स खालच्या सांगाड्याला धरून ठेवणारा मुठीएवढा तुकडा, त्याला गॅरेजात माउंटिंग म्हणतात. पहिलं काळ्या रबराचं, जुनं, फाटलेलं. दुसरं पिवळ्या पीयूचं, रबरासारख्याच प्लॅस्टिकचं, चपलेच्या टाचेइतकं कडक. तिसरं अॅल्युमिनियमचं, ठोस, दिगूनं स्वतः लेथवर कातलेलं. ते नव्या भांड्यागत चकाकत होतं.

रबर हादरा पोटात घेतं, पण गिअरबॉक्सला हलू देतं. पीयू थोडं घेतं, थोडं वर सोडतं. ठोस काहीच घेत नाही. इंजिनाचा हादरा जसाच्या तसा पत्र्यात, पत्र्यातून सीटमध्ये, आणि सीटमधून माणसाच्या हाडांत.

दिगूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो कोल्हापूरच्या याच गॅरेजात शिकला होता. पुढं स्वतःचं गॅरेज काढलं, फरशी घातलेलं, काचेच्या दाराचं. आता त्याच्याकडं कामाला माणसं होती आणि भिंतीवर कप होते. तरी अडलं की वस्तादाकडं यायचा. विचारायला म्हणून यायचा खरा, पण मनात ठरवूनच यायचा. असले शिष्य बरे असतात. निदान चहाला सोबत होते.

“रविवारी कारखान्याच्या मैदानावर ऑटोक्रॉस आहे,” दिगू म्हणाला. “हंगामातली शेवटची.”

मैदानात शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेकानं नागमोडी गाडी काढायची, आणि घड्याळ सांगेल त्याचा पहिला नंबर. अशी ती शर्यत. दिगूला तिचं वेड होतं.

“गेल्या खेपेला ऐन वळणावर गिअरच पडला नाही. गिअरबॉक्स हलतोय, वस्ताद. पीयू दमलं. थोडक्यात गेला पहिला नंबर. ठोस घातलं की विषय संपला.”

“रविवारी संपला,” मिस्त्री म्हणाले. “आणि सोमवारी?”

दिगू खाली बघायला लागला.

“सोमवारी आबांना मिरजेहून घरी आणायचं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरला आता लाइट देऊन उपयोग नाही. घरी न्या. त्यांना आवडतं ते खायला द्या.”

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला.

“कशातनं आणणार?”

“याच गाडीतनं. दुसरी कुठाय? अँब्युलन्सचं बोललो, तर आबा म्हणाले, झोपून एकदाच जायचं. त्या दिवशी ने. आता तुझ्या गाडीतनंच घरी सोड.”

बाहेर लाल गाडी उभी होती. शर्यतीलाही तीच आणि घरालाही तीच. अंगावर नंबराचे कागद चिकटवून काढल्याच्या खुणा, आणि मागच्या काचेला आबांनी बांधलेला जोतिबाचा गंडा.

“मधे माउंटिंगाची एक गोष्ट सांगू का?” दिगूनं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

“सांग.”

“पीयू घातलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात आबांना मिरजेला नेत होतो. हायवेला लागलो. आणि आबा आपणहून म्हणाले, झकास चाललीय.” तो हसला. “वस्ताद, माझे आबा. तुम्हाला माहीत आहेत. जन्मात एकदा म्हणाले नव्हते. त्यानंतर दर खेपेला म्हणतात. दवाखाना आला की उतरताना दाराला धरून उभे राहतात जरा, आणि म्हणतात, झकास चाललीय.”

मिस्त्रींकडं बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्या तोंडाला त्यांनी स्वतःच कुलूप घातलं होतं, आणि किल्ली दुसऱ्याकडं दिली होती.

ते असं.

दिगूचे आबा म्हणजे हिंदुराव चौगुले. जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. आणि दस्तगीर मिस्त्री त्याच डेपोत मेकॅनिक. एकानं गाडी दामटायची आणि दुसऱ्यानं खाली शिरून शिव्या घालायच्या, अशी दोस्ती. निवृत्त झाल्यावर मिस्त्रींनी गॅरेज घातलं आणि हिंदुरावांनी पोरगा आणून दिला. म्हणाले, घरात बसून नुसता स्टिअरिंग फिरवल्यागत हात करतोय, ह्याला खालचं काम शिकव.

थंडीच्या सुरुवातीला हिंदुराव एकटेच आले होते. रिक्षानं. रिक्षातून उतरायलाच त्यांना वेळ लागला.

“दस्तू, एक विचारायचं हाय.”

“विचार की.”

“गाडीत बसायचं कसं?”

मिस्त्रींना वाटलं थट्टा आहे. “गाव बसवलंस तू गाडीत. आता मला विचारतोस?”

“गावाला बसवलं. मी कुठं बसलोय? मी कायम उजवीकडं.” हिंदुराव बाकड्याच्या कडेवर टेकले, जेमतेम. “डावीकडं बसायची सवयच न्हाई बघ. दिगूनं काय ते कडक घातलंय खाली. गाडी थांबली तरी सीटमधनं मुंग्या येत्यात. दुखणं कण्यात उतरलंय माझ्या. मिरज येईस्तोवर दात हलत्यात का हाडं हलत्यात, कळत न्हाई.”

“मग सांग की त्याला. उद्या रबर घालंल.”

“न्हाई.”

“का?”

“त्याला आयुष्यभर मी एकच सांगत आलो. हळू चालव. सायकल होती तवा हळू चालव. गाडी घेतली तवा हळू चालव. शर्यत जिंकून कप घेऊन आला, तरी मी पायरीवर बसून म्हणलो, हळू चालवत जा. त्याचं तोंड उतरलं तेवढं दिसलं मला. आता जाता जाता परत तेच सांगू?” ते थांबले. “मी झकास म्हणतो. ते पोरगं दिवसभर खुशीत असतंय. तू सांगू नको त्याला. शब्द दे.”

मिस्त्रींनी शब्द दिला. मग आतून घोंगडं आणलं, चार पदरी घडी घातली आणि गॅरेजातल्या जुन्या सीटवर हिंदुरावांना बसवून दाखवलं. घडी मांडीखाली घ्यायची. पाठ पुरी टेकायची नाही. पाय सपाट ठेवायचे नाहीत, टाच उचलून चवड्यावर ठेवायचे, कारण हादरा तिथूनच चढतो. वरची मूठ धरायची. दात आवळायचे नाहीत. साठ-सत्तर माणसं मागं घेऊन घाट उतरणारा माणूस लहान पोरासारखा बसायला शिकत होता, आणि मिस्त्रींना त्याच्याकडं बघवत नव्हतं.

जाताना हिंदुरावांनी ते घोंगडं काखेत मारलं.

त्याच संध्याकाळी मिस्त्री बाजारात गेले आणि लाल गाडीला लागतं तसलं नवं रबराचं माउंटिंग घेऊन आले. पावडर लावून डब्यात ठेवलं. कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. शब्द तर दिलेला होता.

“वस्ताद?”

दिगू वाट बघत होता. मिस्त्रींनी बाकड्यावरचं फाटलेलं रबर उचललं. चिरेवर अंगठा फिरवला. चीर तिरपी गेली होती.

“हे कुणी बसवलेलं?”

“मीच. फाटलं म्हणून तर पीयू घातलं. रबरात दमच नाही.”

“जॅक लावलेला असतानाच नट आवळलेस.”

दिगू ओशाळला. मग जरा तोऱ्यात म्हणाला, “घाई होती.”

“घाई होती,” मिस्त्री म्हणाले. “गिअरबॉक्स टांगलेला असताना आवळलं की रबर जन्मापास्नं पिळलेलं राहतंय. मग जॅक काढला की ते बिचारं ओढ खात बसतंय. फाटलं तर म्हणायचं दम न्हाई.”

हा धडा या गॅरेजातला पहिला होता. नट नुसते लावायचे. जॅक काढायचा. इंजिन चालू करायचं, सगळं आपापल्या जागी बसू द्यायचं, आणि मग आवळायचं. आधी बसू दे, मग आवळ. दिगूनं हा धडा स्वतःच्या माणसांना शंभरदा शिकवला असेल. स्वतःच्या गाडीला मात्र घाई होती.

“ते जाऊ दे,” दिगू म्हणाला. “झालं ते झालं. आता ठोस घालू का नको, तेवढं सांगा. तुमचा हात लागला तर बरं वाटेल.”

मिस्त्री उठले. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गाडीपाशी गेले. मागच्या सीटवर घोंगडं पडलं होतं, चार पदरी.

“हे कुणाचं?”

“आबांचं. गाडीत थंडी वाजते त्यांना. उन्हात पण घेऊन बसतात.” दिगू हसला. “म्हातारपण.”

मिस्त्रींनी घोंगडं बाहेर काढलं आणि नीट घडी केली. मग डावीकडचं दार उघडून ते पुढच्या सीटवर ठेवलं.

“बस,” ते म्हणाले.

“कुठं?”

“इथं.”

“मी? मग चालवणार कोण?”

“किल्ली दे.”

दिगूला हसावं की काय, समजेना. वस्ताद गाडी चालवत होते त्याला किती तरी वर्षं झाली होती. पण वस्तादानं हात पुढं केला की शिष्यानं पाना ठेवायचा असतो, ही सवय हाडांत मुरलेली. त्यानं किल्ली ठेवली.

“या गाडीत कधी बसलायस?” मिस्त्रींनी विचारलं.

“रोज.”

“ते चालवणं झालं. बसलायस कधी? बस.”

तो बसला. ऐसपैस, पाठ टेकून, पाय पसरून. स्वतःच्या गाडीत मालक बसतो तसा.

“तसं न्हाई. घडी मांडीखाली घे. पाठ सोड जरा. टाचा उचल.”

“असं कोण बसतं, वस्ताद?”

मिस्त्रींनी किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली आणि जागेवर उभीच राहिली. मिस्त्रींनी तिला उभीच ठेवली. उजवीकडं असलं म्हणजे हातात चाक असतं, पायाखाली क्लच असतो. गाडी काय करणार ते माणसाला आधी ठाऊक असतं, अंग आपणहून तयार होतं. डावीकडं काहीच नसतं. जे येईल ते घ्यायचं. दिगूच्या मांडीखालून एक बारीक थरथर चढली, पाठीत गेली, आणि जबड्यात येऊन थांबली.

“जास्तच येतंय की इकडं,” तो म्हणाला.

मिस्त्रींनी गाडी रस्त्याला काढली.

फाट्यापर्यंतचा रस्ता म्हणजे ठिगळांची गोधडी. मिस्त्री वेगात चालवत नव्हते आणि हळूही नाही. दिगू रोज चालवायचा तशीच चालवत होते. जिथं तो ब्रेक दाबायचा तिथं ब्रेक, जिथं तो झटक्यात गिअर टाकायचा तिथं झटका. शिष्याचा हात वस्तादाला ठाऊक असतो.

पहिल्या गतिरोधकाला दिगूचा हात आपोआप वर गेला आणि दारावरची मूठ धरली. मूठ हातात हलली.

त्यानं वर बघितलं. मुठीचा एक स्क्रू निम्मा बाहेर आला होता. आतलं प्लॅस्टिक चार बोटांच्या जागी घासून गुळगुळीत झालं होतं. ही बाजू त्यानं कधी बघितली नव्हती. कशाला बघेल? त्याची नजर कायम रस्त्यावर.

“ही मूठ...” तो म्हणाला.

मिस्त्रींनी तिसरा गिअर टाकला.

“वस्ताद, ही मूठ इतकी कुणी ओढली?”

दुसरा गतिरोधक आला. दिगूनं टाचा उचलल्या. आता त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अंगानंच उचलल्या. आणि त्याच क्षणी त्याला समोर दिसलं असावं, मिरजेच्या रस्त्यावर दर खेपेला डोळ्यांच्या कडेला दिसलेलं आणि कधीच न बघितलेलं. आबांच्या टाचा. चवड्यावर टेकलेले पाय. म्हातारपण म्हणून सोडून दिलेलं ते सगळं.

फाट्यावर मिस्त्रींनी गाडी वळवली. परतताना सिग्नलला उभं राहावं लागलं. गाडी उभी, इंजिन चालू. दिगूनं दात आवळले होते.

“दात आवळू नको,” मिस्त्री म्हणाले. “त्यानं जास्त दुखतंय.”

दिगूनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

“तुम्हाला कसं माहीत?”

सिग्नल सुटला. मिस्त्रींनी समोर बघत गाडी पुढं काढली.

गॅरेज आलं. इंजिन बंद झालं. मिस्त्री उतरले, पण दिगू उतरला नाही. मूठ धरून तसाच बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. मिस्त्री दाराशी उभे राहिले. या पोराला त्यांनी ग्रीसचा डबा धरायला शिकवला होता. त्याच्या हातातली एकुलती शाबासकी आपणच काढून घेतली, असं त्यांना वाटलं. शब्द मोडला नव्हता. तरी मोडल्यासारखं वाटत होतं.

“ते तुमच्याकडं आले होते?” दिगूनं विचारलं.

मिस्त्रींनी हातातली किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली.

“दर आठवड्याला न्यायचो मी. आणि वर विचारायचो, आबा, कशी चाललीय. मुद्दाम विचारायचो. त्यांच्या तोंडून परत ऐकायला.” त्यानं नाक ओढलं. “म्हणजे ते सगळं खोटंच.”

मिस्त्री दारापाशी खाली बसले. त्या वयात उकिडवं बसणं सोपं नव्हतं. पण आता दोघांची डोकी सारख्या उंचीवर आली.

“तुझ्या बानं डेपोच्या वहीत कधी खोटा शेरा मारला न्हाई,” ते म्हणाले. “ब्रेक लागत न्हाई तर लागत न्हाई. साहेब उभा असू दे न्हाईतर मंत्री.”

“मग?”

“झकास चाललीय म्हणला. गाडी, असं म्हणला का?”

दिगूनं आठवून बघितलं. खूप वेळ आठवून बघितलं. उतरताना दाराला धरून उभे राहिलेले आबा. गाडीकडं पाठ. तोंड याच्याकडं.

मग त्यानं कपाळ समोरच्या डॅशबोर्डवर टेकलं. मिस्त्रींनी त्याला तसंच राहू दिलं.

बऱ्याच वेळानं तो उतरला. बाकड्यावरचं चकचकीत माउंटिंग त्यानं उचललं, हातात फिरवलं, आणि कोपऱ्यातल्या भंगाराच्या टोपल्यात टाकलं.

“वस्ताद, रबर मिळेल आज कुठं?”

मिस्त्रींनी फळीवरचा डबा काढून पुढं केला.

दिगूनं झाकण उघडलं. पावडर लावलेलं नवं माउंटिंग. त्यानं डब्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

त्यानं स्वतःच जॅक लावला. गिअरबॉक्सखाली लाकडाचा ठोकळा दिला आणि पीयू काढलं. पाठीवर झोपून, शिकाऊ असताना झोपायचा तसा. मिस्त्री स्टुलावर बसून एकेक पाना हातात देत होते. नवं रबर जागेवर गेलं. नट हातानंच फिरवले, नुसते पकडीपुरते.

दिगूचा हात पान्याकडं गेला आणि थांबला. त्यानं जॅक खाली घेतला आणि तो उठून गाडी सुरू करायला गेला.

इंजिन धडधडत राहिलं. नट ढिले होते. खाली गिअरबॉक्स जरा इकडं, जरा तिकडं, जागा शोधत होता. दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे होते.

“किती वेळ ठेवू?” दिगूनं विचारलं.

“तुला घाई हाय?”

“नाही.”

“मग बसू दे.”

त्यांनी बसू दिलं. रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. शेजारच्या फाउंड्रीचा भोंगा झाला. दिगूला बोलायचं होतं. त्याच्या तोंडून एक एक वाक्य निघत गेलं.

“रविवारी मैदानात गिअर पडणार नाही.”

“न्हाई पडणार.”

“हरतो मी.”

“व्हय.”

“सोमवारी आबा विचारतील, काय झालं. त्यांना कळतं, वस्ताद. गिअर का चुकला, हे त्यांना न सांगता कळतं. खाली रबर आलंय, हे ते मिरजेतच ओळखतील. मग मला कळलं, हेही ओळखतील.”

“ओळखू दे.”

“मी काय बोलू त्यांना?”

“तो काही बोलला का तुला?”

इंजिनाचा आवाज आता एकसारखा झाला होता. मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवला, लहान मुलाच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा. मग मान हलवली. दिगूनं इंजिन बंद केलं, खाली शिरला आणि नट आवळले. एकदा. दुसऱ्यांदा तपासले. बाहेर येऊन हात पुसले. स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यानं दारावरची मूठ घट्ट केली. घोंगड्याची घडी डावीकडच्या सीटवर सारखी करून ठेवली, आणि तिथंच उभा राहिला.

शर्यतीचं त्याच्या चेहऱ्यावर आता काही उरलं नव्हतं. सोमवारचा रस्ता तेवढा उरला होता. मिरज ते घर. एकदाच जायचा. तो मिस्त्रींच्या पाया पडला. कधी पडायचा नाही, पण पडला.

“येऊ का, वस्ताद?”

“ये.”

तो उजवीकडच्या दारापर्यंत गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबला.

“वस्ताद...”

“काय?”

“एवढी वर्षं चालवतोय. आता सोमवारची भीती वाटते. एक सांगा. कशी चालवू?”

दस्तगीर मिस्त्रींनी गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला.

“डावीकडं बसून,” ते म्हणाले.